दुपारी दोनचा फोन

“सही कर आणि गप खुर्चीत बसायला शिक. कागद काय तुला चावतोय?” बाबा म्हणाले.

मी म्हणालो, हो, चावतोय. तर म्हणाले, तुझ्या वयाचा असताना मी गटारात कमरेपर्यंत उतरत होतो, तिथे खरोखर चावतात. आई मध्ये पडली, तर मी तिलाही नको ते बोललो. कागद टेबलावर पाण्याच्या ग्लासाखाली होता. टाइप केलेल्या चार ओळी, आणि सही कुठे करायची ते कळावं म्हणून खाली पेन्सिलने फुली. जसा काही मी अंगठेबहाद्दरच.

चार ओळींत एवढंच आहे की, तक्रार करणाऱ्या बाईंनी स्वतः फोन करून कळवलं, गटाराच्या चेंबरवर झाकण बसलं, म्हणून मी तक्रार बंद केली. असा फोन आलाच नव्हता. आणि आता त्या बाई येऊन काही सांगू शकत नाहीत, कारण मागच्या गुरुवारी त्याच चेंबरमध्ये पडून त्या गेल्या. त्यांना वर काढायला दोघं उतरले, त्यातले एक माझे बाबा.

आज अकराला चौकशी आहे. मला बोलता येत नाही, राग येतो आणि सगळं उलटंसुलटं होतं. शिवाय आमचा हेडक्लार्क म्हणतो, तोंडाने बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं. म्हणून लिहितोय.

शाळा मी दहावीत सोडली. सोडली म्हणजे सरांनी कानाखाली मारली आणि मी परत मारली, मग काय राहिलं. वर्षभर उंडारलो. गॅरेजमध्ये तीन आठवडे टिकलो, दुकानात चार दिवस. मग बाबांनी नगरपालिकेतून एक फॉर्म आणला. ‘तरुणांनो, आपलं शहर आपण चालवू या.’ सहा महिने ऑफिसात काम शिकायचं, चांगलं केलं तर कायम करणार. बाबांचा सगळा जन्म गटार खात्यात गेला. त्यांनी तो फॉर्म स्वतःच्या हाताने भरला, खाडाखोड न करता, आणि माझ्यासाठी कॉलरचा शर्ट आणला. एक साइज मोठा. म्हणाले, भरशील.

मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. लोक यायचे, मी लिहून घ्यायचो, नंबरची पावती द्यायचो. नळ, दिवे, कचरा, झाकणं. सात दिवसांत तक्रार बंद झाली नाही की कॉम्प्युटरवर ती ओळ लाल होते. सोमवारी मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये लाल ओळी मोजतात. कामं मात्र सात दिवसांत होत नाहीत. माणसं नाहीत, झाकणं नाहीत, गाडी असली तर ड्रायव्हर नाही. मग हेडक्लार्कने मला नियम दाखवला. खोट्या तक्रारी निघतात, त्यांच्यासाठी केलेला नियम. तक्रारदाराला तीनदा फोन करायचा, तिन्ही वेळा उचलला नाही तर ‘संपर्क होत नाही’ लिहून बंद. बंद केली की त्याला आपोआप मेसेज जातो: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.

पण लोक फोन उचलतात ना. उचलतात आणि शिव्या घालतात. हेडक्लार्क दिवसभर फोन करायचा आणि लालच्या लाल. दोन आठवडे मी बघत बसलो. मग लक्षात आलं, हा गडी फोन कधी करायचा तेच चुकवतोय. माणूस काय काम करतो ते फॉर्ममध्ये असतंच. बसचा ड्रायव्हर गाडीवर असताना फोन घेत नाही. हॉस्पिटलात रात्रपाळी करणारा सकाळी दहाला मेल्यासारखा झोपतो. आणि कपड्याच्या कारखान्यात सकाळी बायकांचे फोन कपाटात ठेवून कुलूप लावतात, ते सहालाच मिळतात. हे मला माहीत, कारण माझी ताई त्याच कारखान्यात कॉलर शिवते. तरी एकदा जेवताना मी तिला विचारून खात्री करून घेतली. ती म्हणाली, हो, का रे? मी म्हणालो, सहज.

एका खोक्याचा पुठ्ठा फाडून मी त्याच्या मागे यादी केली. कोणाला किती वाजता. पहिल्याच सोमवारी लाल ओळी एक्केचाळीसवरून सहावर आल्या. हेडक्लार्कने पुठ्ठ्यावर लाल पेनाने स्वतःच्या अक्षरात आणखी दोन वेळा घातल्या, शाळेचे शिपाई आणि बँकेचे पहारेकरी, आणि त्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येक टेबलावर दिल्या. ऑफिसात माझं नाव पडलं मिसकॉल. मिसकॉल, चहा घे. मिसकॉल, इकडे बस. शाळेत मी खालून पहिला होतो. इथे साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला शाळांमध्ये घेऊन गेले, पोरांना सांगायला की सरकारी सेवेत या. भाषण त्यांनीच लिहिलेलं: मी शाळा सोडली, पण शहराने मला सोडलं नाही. पोरं टाळ्या वाजवायची. नगरपालिकेच्या दारावर त्या मोठ्या शर्टातला माझा फोटो लागला. बाबा कामावर जाताना रोज तिकडून वळसा घालून जायचे. त्यांचा रस्ता तो नव्हे.

त्या बाई ताईच्या शेजारच्या मशीनवर बसायच्या. त्यांच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण गेलं होतं. ताईनेच सांगितलं, माझा भाऊ आहे टेबलावर, त्याच्याकडे दे. त्या आल्या, पावती घेतली, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. म्हणाल्या, तोपर्यंत मी मागून फिरून जाते, पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण वडील म्हातारे आहेत, काळजी करतील, उशीर होईल तेवढं त्यांना सांगायला हवं. मी म्हणालो, होईल. मला खरंच वाटलं होतं होईल. सातव्या दिवशी बघितलं, काही झालेलं नव्हतं.

मी फोन केला. दोन वाजून दहा मिनिटं, अकरा मिनिटं, बारा मिनिटं. बंद केली. पुढची ओळ घेतली. त्या दिवशी अजून नऊ होत्या.

दिवसभर पाऊस होता, गल्लीत घोट्याच्या वर पाणी. सहाला कपाट उघडलं, बाईंना फोन मिळाला, मेसेज होता. त्या मागून फिरून गेल्या नाहीत.

आणि गंमत बघा, तक्रार बंद झाल्यामुळे ती बाबांच्या टोळीकडे कधी गेलीच नाही. त्यांना त्या चेंबरचा पत्ता पहिल्यांदा कळला तो बाईंना काढायला बोलावलं तेव्हा.

त्या रात्री ताई दारातच थांबली, चप्पलही काढली नव्हती. मला म्हणाली, “मेसेज वाचून ती मला म्हणाली, बघ, तुझ्या भावाने काम केलं.” तेवढंच. त्याला आज सहा दिवस झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. जेवणाचं ताट समोर ठेवते आणि जाते.

सोमवारी त्या बाईंचे वडील टेबलावर आले. घड्याळं दुरुस्त करायचे, एक डोळा बारीक करूनच बघतात. हातात चष्म्याची डबी. तक्रारीची नक्कल हवी म्हणाले. मी काढून दिली, देणं भाग होतं. त्यात फोनच्या वेळा छापून येतात. त्यांनी कागद डोळ्याजवळ धरला आणि मिनिटं वाचली, एकेक. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस टेबलावरून माझ्यावर उडी मारणार, आणि मारावीच.

ते म्हणाले, “दोन दहाला तिचा फोन कपाटात असतो, बाळा. तुला कसं माहीत असणार? तीनदा केलास तू. तिच्यातर्फे मीच माफी मागतो.”

पंख्याने कागद उडत होते, ते धरत बसलो. म्हाताऱ्याने डबी खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि गेला. रांगेतला पुढचा म्हणाला, साहेब, माझा नळ.

मंगळवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, पद्धत तुझी, अक्षर तुझं, मी तर तुला पोरासारखं मानलं. बाईंचा फोन आला होता असं लिहिलं की विषय संपतो, चूक कोणाचीच नाही. तुझी कायमची ऑर्डर टाइप होऊन पडलीये. पुढच्या महिन्यात बारा नवी पोरं येतायत, ती तुझ्यासारखीच, शाळा सोडलेली. योजना बंद पडली तर त्यांच्या पोटावर तू पाय देशील. आणि सही नाही केलीस तर आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. निघताना म्हणाले, तो पुठ्ठा फाडून टाक.

पुठ्ठा मी फाडला नाही. शर्टात घालून घरी आणला, गादीखाली ठेवला. मी फार शूर आहे असं नाही. कालची अख्खी रात्र मी विचार करत होतो की सही करावी. त्या म्हाताऱ्याला तसंही कळलेलं नाही, मग फक्त कागदावर चूक कोणाची हाच प्रश्न. पण कागदावर ती त्याच्या मुलीची होणार. फोन करून खोटं सांगितलं आणि स्वतःच जाऊन पडली. तो कागदही तो नेईल, एक डोळा बारीक करून वाचेल, आणि पुन्हा माझीच माफी मागायला येईल.

हे मी सकाळी बाबांना सांगितलं, ओरडूनच. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “मी खाली उतरतो ते तू उतरू नयेस म्हणून. तिला मी या हातांनी वर घेतलंय. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं का?”

नाही कळत. पण बाबा, तुमच्या हातांनी तिला वर काढलं, आणि माझी सही तिला परत खाली ढकलणार.

हे मला तोंडाने बोलता आलं नाही. तोंडाने मी दार आपटलं.

आत्ता गादी उचलली तर पुठ्ठा नव्हता. मला वाटलं, बाबांनी चुलीत घातला. बाहेर आलो तर माझ्या बुटांशेजारी होता, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावलेला. ताई कारखान्यात गेलेली. रबर तिच्या केसांचं आहे.

मोठा शर्ट घातलाय. अजून भरलेला नाही. दहा पंचवीस झालेत, बाबा उंबऱ्यावर बसून गमबूट चढवतायत, मुद्दाम हळूहळू, त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. कागद तसाच ग्लासाखाली आहे. मला आता निघायला हवं.