देवू तांडेलाचं भ्या

त्या सकाळी देवूच्या नावेचं इंजिन ठणठणीत होतं, तरी त्याचा फिल्टर काढून आणून देवू काठावर बसला होता. भरती पुरी भरली होती. खाडीतल्या बाकीच्या नावा फटफट करत कधीच दर्याकडं निघून गेल्या होत्या, आणि देवूचे चार खलाशी डबे काखेत धरून ताटकळले होते. देवू आपला कमरेच्या रुमालानं फिल्टर पुसतोय, वर धरून बघतोय, परत पुसतोय.

खलाशांतला बुधा त्याचा चुलतभाऊ, पाच वर्षांनी धाकटा. त्यानं बराच वेळ दम धरला, मग म्हणाला, "दादा, ह्यो फिल्टर काल धुतला, परवा पण धुतला. आता याला हळद लावायची हाय का?"

खलाशी हसले. देवूही हसला, पण मान वर केली नाही. पाणी उतरायला लागलं, नाव बूड टेकून चिखलात बसली, तेव्हा तो मोठ्या हळहळीनं म्हणाला, "गेली आजची येळ. उद्या बगू."

अशा 'उद्या'ला आता बारा दिवस होत आले होते. एकदा दाढ दुखली. एकदा जाळं उंदरांनी कुरतडलं, पण ते भोक उंदराचं नसून चाकूचं आहे हे बुधानं ओळखलं आणि गप्प राहिला. एकदा पाम गावचा मेव्हणा आजारी आहे म्हणून देवू सकाळीच एसटीनं निघून गेला. जाऊन बघतो तर मेव्हणा खळ्यात भात झोडत होता. त्यानं देवूला पण एक पेंढी हातात दिली आणि दिवसभर राबवून घेतलं.

बोईसरच्या पश्चिमेला डांबरी सडक संपून वाळू लागते, तिथलं हे गाव. देवू तांडेल म्हणजे नावेचा धनी, आणि नुसता धनी नव्हे, गावातला नावाजलेला. पोरं रडली की आया सांगायच्या, रडतोस काय, देवू तांडेलासारखा हो. त्याच माणसाला पाण्याची भीती बसली होती, आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. चौऱ्याऐंशी सालची दिवाळी उलटली आणि एका दुपारी भर दर्यात, आभाळ निरभ्र असताना दक्षिणेकडून वारा उठला. असा उठला की ताटातल्या भातासकट ताट उडालं. नेमकं इंजिन बंद पडलं आणि नाव लाटांना आडवी झाली. देवूनं स्वतःला दोरीनं सुकाणूपाशी बांधून घेतलं आणि तीन तास नाव उभी ठेवली. पाचच्या पाच माणसं जिवंत काठाला लागली. गावानं नारळ फोडले, त्याच्या गळ्यात हार घातला. देवूनं ती हकिगत निदान तीस जणांना सांगितली असेल, आणि सांगताना लाट दर वेळी हातभर वाढत गेली.

चौथ्या दिवशी तो पुन्हा नावेत चढला. बुधानं इंजिन सुरू केलं, नाव पाण्यावर उचलली गेली, आणि देवूची छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या. श्वास आत जाईना. अंगाला थंडगार घाम सुटला. त्याला वाटलं, आटपलं आपलं, काळीज बंद पडतंय. त्यानं कमरेएवढ्या पाण्यात उडी मारली आणि तंबाखू राहिली म्हणत काठ गाठला. काठावर पाय लागले तशी छाती शांत झाली. तंबाखूची डबी त्याच्या रुमालातच होती.

पालघरला जाऊन त्यानं गुपचूप डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली, ती निरखली आणि सांगितलं की काळीज बैलासारखं मजबूत आहे. मग चष्मा काढून विचारलं, मधे काही घाबरण्यासारखं घडलं होतं का? देवूला ते फारच लागलं. तांडेलाला विचारायचा प्रश्न का हा? नाय म्हणून तो उठला आणि थेट एसटी स्टँडवर आला.

लेक नावेवर जाईना म्हणून घरी आई येसूबाईनं आपला इलाज केला. मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरी, असं ठरलं. ठरवून तिनं अर्ध्या गावाच्या बायकांची नावं घेतली आणि उरलेल्या अर्ध्या गावाला सांगत सुटली.

खलाशांची चूल काही देवूच्या दाढेवर चालणार नव्हती. शेवटी त्यानं सुकाणू बुधाच्या हाती दिलं, आणि आपण जरा कंपनीत काय मिळतं बघतो, म्हणाला. कुंभवलीला रंगाच्या कारखान्यात पिंपं ढकलायचं काम मिळालं. लाल रंगाची पिंपं. दोन दिवसांत देवूचे तळवे गुलाबी झाले, चार दिवसांत कान. न्हाणीतून गुलाबी पाणी वाहत शेजारच्या अंगणात जाऊ लागलं, तेव्हा शेजारीण विचारायला आली की तुमच्याकडं शिमगा कशापायी? येसूबाई कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, तीन पिढ्यांत या घरात कुणाला रंगीत घाम आला नव्हता.

देवूला वाटलं, रंग लागला तर लागला, धडधड तरी सुटली. पण तीही सुटली नाही. तिसऱ्या आठवड्यात तो पाण्याच्या मोठ्या टाकीजवळून पिंप नेत होता. पंप चालू झाला, टाकीतलं पाणी डचमळलं, आणि तेवढ्यावरच त्याचे हातपाय गळाले. कोरड्या जमिनीवर, दर्यापासून दोन कोसांवर.

त्याच्याबरोबर पिंपं ढकलणारा रामकिसन, गोरखपूरकडचा. त्यानं देवूला भिंतीच्या सावलीत बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि धडधड उतरेपर्यंत त्याचा गुलाबी हात आपल्या गुलाबी हातात धरून ठेवला. नंतर विचारलं, "घर में किसी को बताया?"

देवू म्हणाला, "क्या बतायेगा? कुछ हुआ तो बतायेगा."

रामकिसन हसला नाही. त्यानं सांगितलं की दोन वर्षांमागं त्याच्या शेजारी वाफेचा पाइप फुटला होता. लागलं काहीच नाही, पण सहा महिने तो त्या पाइपला वळसा घालून लांबून जायचा. कुणाला बोलला नाही. शेवटी गावी बायकोला चिठ्ठीत लिहिलं, कारण तोंडानं सांगायची छाती नव्हती. चिठ्ठी टाकली त्या दिवशी त्याला पोटभर झोप लागली.

देवूची बायको काही गोरखपूरला नव्हती. सुट्टी टाकून तो दुपारीच घरी आला. हिरा वाडीमागं बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. सकाळी बोईसरच्या बाजारात पाटी विकून यायचं आणि दुपारभर हे. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. देवू दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि जोड्या लावू लागला. वीसेक जोड्या झाल्यावर म्हणाला, "मना भ्या वाटते."

हिराचे हात थांबले. "कसलं?"

"नाव पाण्यावर उठली का मरतो असं वाटते. दाढ दुखत नव्हती. जाळं मीच कापलं."

देवूला वाटलं, आता ही हसणार, नाहीतर रडणार. तिनं हातातली जोडी दोरीवर टाकली, आणि आली ती भलतंच घेऊन.

"त्या दिशी तुमी परत येईस्तोवर मी किनाऱ्याला उबी होते," ती म्हणाली. "तवापासून वारा सुटला का माझी जीभ वाळते. बाजारात गिऱ्हाईक भाव इचारते, मना आकडा आठवत नाय. तुमी जायचं टाळत व्हते ना, तवा मना बरं वाटायचं. घरात पैसा येत नाय, खलाशी खोळंबलेत, आणि मी मनात म्हणते, देवा, हेंची दाढ बरी करू नको. आता सांगा, असलं मी कोणाजवळ बोलू?"

बारा वर्षांच्या संसारात ती एवढं एका दमात बोलली नव्हती. दोघंही मांडवाखाली वाळूत बसली. देवूनं तिला लाटेबद्दल सांगितलं, आणि पहिल्यांदाच ती जेवढी होती तेवढीच सांगितली.

इलाज हिरानंच काढला. ओहोटीला नाव चिखलात उभी असते, तेव्हा देवू बिनधोक चढतो. मग तेव्हाच चढून बसायचं आणि पाणी कसं येतं ते बघायचं. जास्त झालं की उतरायचं. "मी पण बसते," ती म्हणाली. "मना पण बगायचं हाय, ह्यो पाणी एवढा कोण लागून गेला."

दुसऱ्या दिवसापासून देवू कंपनीत गेला नाही. बुधा नाव लावून गेला आणि पाणी उतरलं की ही दोघं चिखल तुडवत नावेत जाऊन बसायची. पहिल्या दिवशी चिखलात पाण्याची नुसती रेघ आली, आणि देवू उतरला. तिसऱ्या दिवशी घोटाभर येईतो तग धरला. हिरा निवडायला कोळंबी घेऊन जायची, किटलीत चहा असायचा. छाती धडधडायला लागली की देवू "आली" म्हणायचा आणि हिरा त्याच्या हातात कोळंबी द्यायची, सोल म्हणून. आठव्या दिवशी नाव त्यांच्यासकट उचलली गेली आणि हलकेच डुलली. देवूनं बाक घट्ट पकडला. घामानं न्हाला, पण उतरला नाही. हिराही डोळे मिटून बसली होती. दोघांनी मिळून त्या दिवशी शेरभर कोळंबी सोलली, पण त्यातली निम्मी सालांबरोबर खाडीत गेली.

गाव काय गप्प बसतंय? देवूनं खाडीत बिऱ्हाड केलं, असं झालं. मग कुणीतरी कुरकुर काढली की बाई नावेवर चढली, आता मासळी लागायची नाही. ही कुरकुर येसूबाईच्या कानावर गेली. सून नावेत बसते हे तिलाही पटत नव्हतं, पण दुसऱ्यानं बोललेलं त्याहून पटत नव्हतं. ती भर बंदरावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नावेचं नाव महालक्ष्मी. ती काय बाप्या हाय?"

एका संध्याकाळी बुधा आणि तिघे खलाशी देवूच्या ओट्यावर आले. बुधानं सरळ विचारलं, तांडेल म्हणून येणार आहेस की आम्ही दुसरी नाव बघू? देवूला वाटलं, सांगावं अजून काहीतरी. पण हिरा दारात उभी होती. त्यानं सगळं सांगून टाकलं, चाकूच्या भोकापर्यंत.

बुधा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "मी त्या दिसापासून डोक्यावरून पाणी घेत नाय. गळ्याखालीच आंघोळ करतो. बायको म्हणते, वास येतो."

यावर धाकटा खलाशी फिस्सकन हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, मी नावेत दोरीचं टोक पायाला बांधून बसतो, तुमी कुणी बघितलं नाय. तिसऱ्याला जेवण जात नव्हतं. चौथा म्हणाला, मना काय झालं नाय. मग थोड्या वेळानं म्हणाला, झोप येत नाय, पण ते म्हातारपण असंल. तो सत्तावीस वर्षांचा होता.

दोन दिवसांनी देवू नावेवर गेला. सुकाणू बुधाकडंच ठेवलं आणि आपण मधे बसला. खाडीचं तोंड ओलांडताना धडधड आली. "आली," तो म्हणाला. बुधा म्हणाला, "येऊ दे. नावेत जागा हाय." देवू कडेला वाकून ओकला, तोंड धुतलं आणि जाळ्याला हात लावला. त्या दिवशी ते अर्ध्या वाटेतून परतले. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे पुढं गेले. होळीपर्यंत सुकाणू पुन्हा देवूच्या हाती आलं. धडधड साफ गेली असं नाही. वारा दक्षिणेचा झाला की अजून येते, घटकाभर बसते आणि जाते. हिरा वारा सुटला की बंदरावर न जाता शेजारणीकडं जाते आणि तिथं बसून बोलते.

पुढच्या वर्षी शेजारगावच्या जिवल्या तांडेलाची नाव खडकावर आपटली. माणसं वाचली. महिन्याभरानं जिवल्या देवूच्या ओट्यावर येऊन बसला. दोन कोस चालत आला होता, म्हणाला दोरखंडाचा भाव विचारायला. भाव सांगून झाला, चहा झाला, भाताचं पीक झालं, सगळं झालं, तरी जिवल्या उठेना. त्याच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. म्हणाला, गुडघा धरलाय, म्हणून सध्या नाव भावाकडं दिलीय.

देवूनं त्या फडक्याकडं बघितलं.

"गुडघा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "छाती धडधडते का?"

जिवल्यानं कपबशी खाली ठेवली. आत हिरानं चुलीवर चहाचं आधण पुन्हा चढवलं.