पार्वतीकाकूंचं सोवळं

पार्वतीकाकूंइतके हात धुणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. आणि मी नर्स आहे!

हुबळीच्या दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. सून राधा आमच्या प्रसूतिगृहात पोट उघडून बाळंत झाली, म्हणून मुक्काम लांबला. साल एकोणसाठ. मुलगा झाला, गुटगुटीत. नाळेवर वाफेत शिजवून जंतू मारलेली पट्टी मीच बांधली आणि बजावलं, नाळ गळेपर्यंत ह्या पट्टीला कुणी हात लावायचा नाही.

काकूंनी पट्टीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुझं आडनाव काय म्हणालीस?"

"कांबळे. आम्ही बौद्ध."

त्या उठल्या आणि नळाखाली हात धरून बसल्या.

मग रोज तेच. मी खोलीतून बाहेर पडले की नळ सुरू. हसू यायचं, संतापही यायचा. बाळाला घेण्याआधी मात्र हात धुवायचं नाव नाही. मी साबणाची वडी पुढे केली, तर म्हणाल्या, "साबू नक्को गं बाई, त्यात चरबी असते की. मी सोवळ्यात हाय. बाळाचं आता आम्ही बघतो."

डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. "विमल, मोठ्यांचं घर आहे, सांभाळून घे," त्या म्हणाल्या. रोगाला लहानमोठं कळत नाही, हे त्यांना मी काय सांगणार!

आठवडाही झाला नसेल, राधानं हाक मारली. "सिस्टर, बाळ दूध ओढंना. तोंडच उघडत न्हाई."

जबडा घट्ट मिटलेला, अंग लाकडासारखं ताठ. भांडं वाजलं तरी झटका येत होता. धनुर्वात! वाफेत शिजवलेल्या पट्टीखाली धनुर्वात?

दुपारपर्यंत बाळ गेलं.

"अय्यो देव्रे!" काकूंनी हंबरडा फोडला आणि माझ्याकडे बोट केलं. "हिचाच हात लागला! पहिल्याच दिवशी लागला!"

डॉक्टरीणबाई आणि दारात जमलेली माणसं माझ्याकडे बघत होती. नोकरी तर जाणारच होती, पण त्या क्षणी मला माझ्याच हातांची भीती वाटली. पट्टी नीट शिजली नव्हती का?

बाळाचं दुपटं मी सोडलं. माझी पट्टी तिथं नव्हती. बेंबीभोवती रेशमाची चिंधी गुंडाळली होती, मळून तपकिरी झालेली, कडक.

राधा भिंतीला धरून उठली आणि सासूकडे वळली. "अत्ती, हा तुमच्या सोवळ्याचा काठ हाय."

"व्हय की." काकूंनी काहीच लपवलं नाही. "हिनं बांधलेलं बाळाच्या अंगावर कसं ठेवू? त्याच दिवशी सोडून टाकलं. माझ्या सासूचं सोवळं ते, देवाचं करताना नेसायचं. परक्याचं बोटसुद्धा लागलेलं न्हाई त्याला."

राधानं विचारलं, "धुतलं कवा होतं?"

"खुळी का तू? रेशमी सोवळं कोण धुतं?"

काकू डोळे पुसून बाळाला उचलायला वाकल्या. राधानं त्याला आधीच उचललं आणि माझ्या हातांत दिलं.

"अत्ती," ती म्हणाली, "तुम्ही शिवू नका त्याला."