नानीबाईच्या दारचा वाकडा रांजण

वैशाखातली सकाळ होती, पण ऊन भर दुपारचं वाटत होतं. आभाळ राखेसारखं पांढरं पडलेलं. वारा कुठं जाऊन बसला होता कोण जाणे, लिंबाचं एक पान हलत नव्हतं. रस्त्याचं डांबर मऊ होऊन येष्टीच्या चाकांना चिकटत होतं. चिमण्या माझ्या बुडाशी ओल्या वाळूत पंख पसरून पडल्या होत्या. अशा दिवशी माणसाला पाण्यावाचून दुसरं काही सुचत नाही.

मी पाण्याचा रांजण बोलतोय. शिरपूरला येष्टी थांबते, तिथून चार पावलांवर नानीबाईचा ओटा आहे. ओट्याला लागून लिंबाखाली मी कमरेपर्यंत वाळूत बसलेलो आहे. शाळा काही मी पाहिली नाही. एका जागी बसून जे कानावर आलं, तेच माझं शिक्षण. म्हणून मी सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका. त्या उन्हाच्या दिवसाकडं मला परत यायचं आहे. पण त्याआधी माझं मूळ सांगतो.

मी केनवडचा. तिथल्या एका कुंभारानं मला हातानं घडवलं. मातीत लीद आणि राख कालवली, आतून एक हात धरला आणि बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत माझं पोट वाढवलं. पण आव्यात भाजताना शेजारचं मडकं माझ्यावर रेललं आणि मी डाव्या अंगाला चार बोटं कललो. कुंभार बिचारा हळहळला. त्याच्या अंगणात दोन उन्हाळे मी पडून होतो. गिऱ्हाईक यायचं, बोटानं वाजवून बघायचं, आवाज आवडायचा. मग कल दिसला की सरळ उभा असलेला दुसरा रांजण घेऊन जायचं.

दुष्काळाच्या आदल्या साली नानीबाई आली. उंच बाई, केस पिकलेले, हिरवं लुगडं, आवाज पुरुषासारखा भरदार. तिनं मला वाजवलं.

"आवाज तं खनखनीत हाय याचा. काहून पडून राह्यला हा?"

"वाकडा हाय ना तो," कुंभार म्हणाला.

नानीबाई मोठ्यानं हसली. "मंग तो आमच्याच घरचा झाला. टाका गाडीत."

असा मी शिरपूरला आलो. येताच मला कळलं, की नानीबाईला लोक हिजडा म्हणतात. घरात मात्र सगळे तिला नानी म्हणत. ते घरही निराळंच होतं. तिथं कुणी कुणाचं रक्ताचं नव्हतं, आणि तरी रोज बारा माणसांची भाकर थापली जायची. ती थापायची रुपाबाई. हात मऊ आणि जीभ तिखट. कुणाकडं बाळ झालं, की नानी आणि तिच्या चेल्या ढोलक घेऊन जायच्या, गाणी म्हणायच्या, बाळाला मांडीवर घेऊन आशीर्वाद द्यायच्या. गावाला एवढंच माहीत होतं. बाकीचं मला माहीत आहे.

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून नानीकडं माणसं यायची. बाजाराच्या दिवशी कुणी कुठं गेला होता, हे कुणी विचारत नाही ना. एक मिशाळ मास्तर यायचा. ओट्यावर पाय सोडून बसायचा, ज्याच्यासोबत संसार करावा असं मनातून वाटायचं त्या दोस्ताबद्दल बोलायचा, आणि हलका होऊन जायचा. दोघी बाया यायच्या, एकीच्या डोक्यावर टोपलं, दुसरीच्या काखेत कोंबडी. गावात त्या बहिणी म्हणून राहत. इथं आल्या की तसं सांगावं लागत नसे. मास्तर सगळ्यांची पत्रं वाचून द्यायचा, लिहून द्यायचा. कुणाला दुखणं असलं, तर नानी स्वतः त्याला येष्टीत घालून वाशीमच्या दवाखान्यात न्यायची. आणि घरातून हाकललेलं कुणी दारी आलं, तर आधी मी. पहिलं पाणी माझं, मग रुपाबाईची भाकर, आणि मग विचारपूस. हा नानीचा नियम होता.

नानीचा आणखी एक नियम. नवीन लेकरू आलं, की आठ दिवसांच्या आत त्याच्या घरी निरोप जायचा: "तुमचं लेकरू आमच्यापाशी हाय. जेवलं हाय." बस, एवढाच. बहुतेक घरांतून काहीच उत्तर येत नसे.

माझं पाणी रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी होतं. गावातल्या जैन देवळाला आलेले यात्रेकरू, येष्टीचे लोक, हमाल. पण माझ्याजवळ भांडी होती दोन. घरच्यांसाठी पितळी गडवा, खुंटीवर टांगलेला. परक्यांसाठी लांब दांड्याचं ओगराळं. परका आला की त्यानं ओंजळ धरायची आणि घरच्या कुणीतरी वरून धार सोडायची. लोक पाणी प्यायचे, पण नानीच्या घरच्या भांड्याला हात लावायला कचरायचे. त्यांना तोंडानं बोलायची पाळी येऊ नये, म्हणून नानीनंच ही रीत पाडली होती.

शेजारी शिखरचंद शेटजींचं दुकान. मीठ, तेल, गूळ, दोरखंड. मनानं चांगला माणूस, पण पाण्याच्या बाबतीत फार काटेकोर. मी आलो त्याच दिवशी पांढरं दुहेरी फडकं घेऊन आले.

"नानी, गाळल्याबिगर एक थेंब टाकू नको याच्यात. जीव मरतात. अन् फडकं उलटं करून पुन्हा विहिरीतच धुवायचं, अडकलेले जीव परत पान्यात गेले पाह्यजेत, समजलं?"

तेव्हापासून रोज सकाळी ते येत. माझ्या तोंडावरचं फडकं नीट बांधलं आहे का ते बघत, "काय रे वाकड्या, बरा हायस ना?" म्हणत आणि जात.

रुपाबाई मागून म्हणायची, "शेटजीले गाळून पाह्यची लय हौस. पेत तं नाही कवा!"

खरंच, ते कधी प्यायले नाहीत. मी मनाला लावून घेतलं नाही. मला घाई कशाची असते?

दुष्काळ आला आणि गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात एक लेकरू दारी आलं. अठरा-एकोणीस वर्षांचं, ओलंचिंब, पायात काही नाही. घरचं नाव देवमन. तिला मात्र लहानपणापासून बाईसारखं राहावंसं वाटे, म्हणून गावानं जगू दिलं नव्हतं. नानीनं तिला लुगडं दिलं आणि तिनं स्वतःच स्वतःचं नाव सांगितलं, केशर. पाण्याचं काम केशरकडं आलं. विहिरीवरून दिवसाला वीस घागरी ती आणायची. मला आतून नारळाच्या काथ्यानं घासायची आणि घासता घासता माझ्या पोटात तोंड घालून गायची. आवाज घुमायचा. मला फार बरं वाटायचं.

तिच्या घरीही निरोप गेला होता. तिचा बाप ग्यानबा, माझ्याच केनवडकडच्या एका खेड्यात मजुरी करायचा. येष्टी थांबली की केशरची मान वळायची. वर्ष होत आलं, कुणी उतरलं नाही.

आणि मग तो उन्हाचा दिवस आला.

येष्टीतून एक वाळका म्हातारा उतरला. डोक्याला पागोटं, हातात काठी. केशरनं पाहिलं आणि हातातली घागर खाली ठेवली. म्हातारा सावकाश माझ्याजवळ आला. तिच्याकडं पाहिलं, तिच्या लुगड्याकडं पाहिलं. म्हणाला, "पानी दे."

केशरचा हात आधी गडव्याकडं गेला. मी पाहिलं ना. पण तो मधेच थांबला. बाबानं गडव्याला हात लावलाच नाही तर? चारचौघांत ती शोभा तिला सोसली नसती. तिनं ओगराळं उचललं आणि बापासमोर उंच धरलं.

ग्यानबानं ओंजळ केली नव्हती. एकच हात पुढं केला होता. धार त्याच्या मनगटावर पडली. तो हाताकडं बघत राहिला, मग हात झटकला.

"राहू दे. तहान नाही मले."

आणि वळून शेटजींच्या दुकानाच्या सावलीकडं गेला. थोड्या वेळानं परतीच्या येष्टीत बसला. केशर मला टेकून खाली बसली ती उठेना.

"बाबाले माह्या हातचं पानी चालत नाही," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पाणी वाढणं सोडलं. घागरी आणायची, मला भरायची, पण माणूस आलं की आत जायची. गाणंही थांबलं. माझ्या पोटात नुसतं पाणीच राहिलं.

आठ दिवसांनी बाजाराच्या दिवशी शेटजी आले. फडकं पाहिलं नाही, मला विचारलं नाही. ओट्याच्या कडेला उभे राहून नानीला म्हणाले, "एक गोष्ट पोटात ठेवून राह्यलो मी. आता नाही ठेववत."

"बोला ना शेटजी."

"तो ग्यानबा त्या दिवशी माह्या दुकानी आला होता. तोंड कोरडं पडलं होतं त्याचं. म्या पानी देऊ लागलो. तं म्हने, शेटजी, तुमी वरूनच घालसान, मले मालूम हाय. लहानपनी विहिरीपाशी लोकायची वाट पाहत बसो आमी, कोनी वरून घालन तं प्यावं. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून म्या कोनाच्या म्होरं ओंजळ धरली नाही. अन् आज माह्याच लेकरानं मले वरून धार सोडली." शेटजींनी आपल्या हाताकडं पाहिलं. "माह्या हातात लोटा तसाच राह्यला, नानी. म्या बी वरूनच घालनार होतो."

आत चुलीपाशी केशर उभी होती. तिनं ऐकलं. ओढत्या पावलानं बाहेर आली.

"मले वाटलं, त्याले गडवा नको व्हईन."

"अन् त्याले वाटलं, तू त्याले गडवा देत नाही," नानी म्हणाली. "दोघं बापलेक तहानलेलेच राह्यले, काय म्हनावं!"

मास्तर बसलाच होता. नानीनं त्याच्याकडून केनवडकडच्या गाडीवानाला निरोप पाठवला. या वेळी निरोप असा होता: "गडवा खुंटीवर हाय. तुमचाच हाय."

एक बाजार गेला. दुसरा गेला. केशर येष्टीकडं बघायचं टाळायची, पण रोज गडवा चिंचेनं घासून लख्ख करायची. रुपाबाई कुरकुरायची, "अवं, झिजून चाळनी व्हईन त्याची!" तिसऱ्या बाजाराला, मृग लागायच्या आधी, ग्यानबा उतरला. काखेत लहानसं गाठोडं होतं.

केशरनं गडवा माझ्यात बुडवला. बुडताना तो गुडगुडला, तेवढाच आवाज. तिनं तो बापाच्या हातात दिला. ग्यानबानं घेतला आणि तिच्यापुढंच धरला.

"तू पे आधी."

ती प्यायली. मग त्याच काठाला तोंड लावून तो प्यायला, घटाघटा, पार तळापर्यंत. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"गोड हाय पानी. कोन भरते?"

"मीच भरतो... भरते, बाबा."

"हं." मग गाठोडं पुढं केलं. "तुह्या मायनं भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. भाजून खा म्हने, कच्च्या नको खाऊ, पोट दुखते तुयं."

रुपाबाईनं डोळे पुसता पुसता ओगराळं उचललं आणि घरात नेलं. "वरनाले पाह्यजेच होतं मले एक." ते परत आलंच नाही. तेव्हापासून सगळ्यांना एकच गडवा. काही लोकांनी नाकं मुरडली, काहींनी पुढची टपरी धरली. उन्हाळा कडक झाला तसे त्यांतले बरेच मुकाट्यानं परत आले.

आता एकोणऐंशी साल चालू आहे म्हणतात. नानी थकली आहे, ओट्यावर बसून नवीन आलेल्यांना पाणी पाजते. घर केशर बघते. ग्यानबा बाजाराला येतो, माझ्याशेजारी बिडी ओढत बसतो. मागच्या साली माझ्या कललेल्या अंगाला चीर गेली, ती त्यानंच चुना आणि गूळ कालवून लिंपली. तरी थोडं पाझरतंच. त्या ओलीवर चिमण्या येतात, तेही बरंच आहे.

माझी फार वर्षं उरली नाहीत. मागणं असं काही नाही. माझ्याजागी दुसरा रांजण बसवाल तेव्हा तो वाकडा असो की सरळ, त्याच्याजवळ भांडं मात्र एकच ठेवा, एवढंच.

आणि काल सकाळची गोष्ट सांगायची राहिली. शेटजी नेहमीसारखे आले. आता त्यांचेही पाय दुखतात. फडकं पाहिलं, गाठ घट्ट केली. जायला वळले आणि पुन्हा फिरले. इकडं तिकडं न बघता खुंटीवरचा गडवा काढला, माझ्यात बुडवला आणि उभ्यानंच प्यायले. आठ वर्षं लागली त्यांना. दारात केशर उभी होती, तिच्यामागं रुपाबाई. शेटजींनी गडवा धुऊन जागच्या जागी टांगला, माझ्या लिंपलेल्या चिरेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाकड्या, उद्यापासून एक घागर माह्याकडची बी टाकत जाईन तुह्यात."