माझ्या खरखरीला हात लावू नका

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. जुनी म्हणालात तर चालेल, घासलेली म्हणालात तरी चालेल, पण ‘बिचारी’ म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही. माझ्या अंगावर चरे आहेत, कव्हरचा एक कोपरा दुमडलाय आणि लेबलवर निळ्या पेनाने ठसठशीत काहीतरी लिहिलेलं आहे. जुन्या रेकॉर्डी जमवणारे लोक मला पाहिलं की नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

माझा जन्म एका तापलेल्या, दमट कारखान्यात झाला. प्लास्टिकचा काळा, कढत गोळा दोन साच्यांच्या मधे ठेवायचा आणि वरून दाब द्यायचा, की माझ्यासारखी चकचकीत तबकडी तयार. खालच्या साच्यातून पहिल्या बाजूची गाणी उमटायची, वरच्यातून दुसऱ्या बाजूची. यंत्रावरचा माणूस घामाने निथळत असायचा आणि त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. त्याने मला उजेडात धरलं, दोन्ही अंगांनी फिरवून पाहिलं आणि म्हणाला, “झकास! जा आता, गा पोटभर.” माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

माझ्यात एका तरुण गायिकेची गाणी होती. तिचा तो पहिलाच अल्बम. तिला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे कंपनीने आमच्या मोजक्याच प्रती काढल्या आणि दुकानदाराने आम्हाला सगळ्यात मागच्या रांगेत ढकललं. पुढे नामवंतांच्या रेकॉर्डी मिरवत होत्या. आम्ही बहिणी मागे अंग चोरून उभ्या होतो. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

एके दिवशी दोघीजणी दुकानात आल्या. नणंद आणि भावजय. दोघींच्या बोटांना शिवणयंत्राचं तेल आणि कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. नणंदेने मला मागून ओढून काढलं.

“ही कोण गं वहिनी? नाव तरी ऐकलंय का कधी?”

“नाही ना? मग हीच घेऊ,” वहिनी म्हणाली. “नावाजलेल्यांची गाणी शेजारी लावतातच की. भिंतीतून फुकट ऐकू येतात.”

अशी मी त्यांच्या शिवणाच्या दुकानात आले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. समोरासमोर दोन यंत्रं, मधे कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट टांगलेले, एकाला बाही आहे तर दुसरी नाही. कापडाच्या ताग्यांच्या वर फळीवर एक सेकंडहँड रेकॉर्डप्लेअर होता. सकाळी यंत्रं सुरू झाली की मीही सुरू व्हायचे. वहिनी मला कडेने धरायची, मऊ फडक्याने हलकेच पुसायची आणि सुई इतक्या अलगद ठेवायची, जणू मी झोपलेले आहे आणि मला उठवायचं नाहीये.

एकदा वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा दादा, माझ्यावर चहाची कपबशी ठेवून बसला. घरात जो काही गहजब झाला म्हणता! त्याच दिवशी नणंदेने निळं पेन घेऊन माझ्या लेबलवर लिहिलं, ‘ही वहिनीची आहे. कपबशी ठेवू नये.’ पुढे त्या अक्षरांमुळे माझी किंमत घटली असं लोक म्हणतात. मी मात्र ती अक्षरं छातीवर बिल्ला लावावा तशी मिरवते.

माझ्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं वहिनीचं फार लाडकं होतं. कामावरून घरी परतलेल्या एका बाईचं गाणं आहे ते. ती दार उघडते, घरात कुणीच नसतं, मग ती चपला भिरकावून मोकळ्या गळ्याने गाऊ लागते. बस, एवढंच. पण ते लागलं की वहिनी यंत्र थांबवायची. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी थांबवायची.

“अगं, उद्या कोट द्यायचाय,” नणंद ओरडायची.

“देऊ गं. एवढं ऐकू दे.”

गाणं संपलं की वहिनी सुई उचलून पुन्हा तेच गाणं लावायची. दादा एकदा वैतागून म्हणाला, “घासून जाईल की ती!”

“जाऊ दे घासून,” वहिनी म्हणाली. “नुसती ठेवली तर काय तरुण राहणार आहे?”

मित्रांनो, त्या वर्षांत मी किती सुखी होते, हे शब्दांत सांगता येणार नाही. कोटाच्या मापाला आलेली माणसं माप झाल्यावरही रेंगाळायची. कुणी विचारायचं, “कोण गाते हो ही?” आणि दोघी नणंदा-भावजया एकदम तिचं नाव सांगायच्या.

मग दिवस फिरले. रेकॉर्डप्लेअर बिघडला, तो दुरुस्त करणारा मिळेना. हाताच्या तळव्यात मावणारी गाण्याची यंत्रं आली. वहिनीची दृष्टी अधू झाली, मग तिला आजारपणाने गाठलं आणि एके दिवशी ती गेली. नणंदेने मला कपाटात ठेवलं, कोट बेतायच्या कागदी नमुन्यांच्या मधे. कपाटाला कडी लावताना तिने मान फिरवली. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मला राग आला. वहिनी गेली म्हणून वहिनीचं गाणंही बंद करायचं, हा कुठला न्याय? मी अंधारात वर्षानुवर्षं त्याच रागावर तग धरून राहिले.

एका सकाळी कपाट धाडकन उघडलं. नणंद आता म्हातारी झाली होती. तिच्या एका हातात वर्तमानपत्र होतं आणि चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता. ‘लवकरच येणारे अल्बम’ असं एक सदर त्यात होतं. कुठला अल्बम नव्याने येतोय, कुठला जुना अल्बम पुन्हा रेकॉर्डच्या रूपात निघतोय, असली खबर संग्राहकांना देणारं.

“अगं बाई, ही तर आपली!” नणंद रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

माझाच अल्बम पुन्हा निघणार होता. पण खाली एक विनंती छापली होती. दुसऱ्या बाजूच्या गाण्यांची मूळ टेप ओल लागून कुजली होती. कुणाकडे रेकॉर्डची चांगली प्रत असेल तर तिच्यावरून ती गाणी उतरवून घेता येतील, नाहीतर अल्बम रद्द करावा लागेल. नणंदेने मला कापडी पिशवीत घातलं आणि दुपारच्या आत ती त्या पत्त्यावर हजर झाली.

ती एक छोटीशी खोली होती. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या आणि टेबलावर भलामोठा रेकॉर्डप्लेअर. जुने अल्बम शोधून नव्याने काढणारी एक तरुण बाई तिथे बसत असे. तिला आपण अल्बमवाली म्हणू. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर पर्स घट्ट धरून एक वृद्ध बाई बसली होती. तीच माझी गायिका! मी तिचा आवाज जन्मभर अंगावर वागवला, पण तिला पाहिलं ते त्या दिवशी.

“मला कशाला उगाच बोलावलंस?” ती अल्बमवालीला म्हणत होती. “तेव्हा खपला नाही, आता कोण घेणारे? कंपनीच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, तुमचं कुणी ऐकत नाही. मग सोडलं गाणं. दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायला लागले. आयुष्यभर माझा आवाज ऐकून लोक फक्त घाबरले.”

नणंद आणि अल्बमवाली हसल्या. ती मात्र हसली नाही.

तेवढ्यात पांढरे हातमोजे घातलेले एक गृहस्थ आत आले. त्यांच्याकडे माझीच एक बहीण होती, कारखान्यातून निघाली तशीच, प्लास्टिकच्या वेष्टनात सीलबंद. “हिला अजून माणसाचा हात लागलेला नाही,” ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. “आणि ही... ही वाजते?”

“वाजते म्हणजे? रोज वाजायची,” नणंद म्हणाली. “तुमची वाजते का?”

“ही वाजवायची नसते हो मावशी. ही जपायची असते.”

अल्बमवालीने साहजिकच सीलबंद बहिणीला निवडलं. मला टेबलाच्या कडेला सरकवलं. नणंदेचं तोंड एवढंसं झालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातमोजेवाल्यांनी स्वतःच्या हाताने वेष्टन कापलं. बिचाऱ्यांना घाम फुटला होता. अल्बमवालीने दुसरी बाजू वर ठेवली आणि सुई टेकवली.

सुरू झालं पहिल्या बाजूचं पहिलं गाणं.

“बाजू चुकली वाटतं,” हातमोजेवाले म्हणाले.

“नाही, लेबलवर दोन लिहिलंय,” अल्बमवाली म्हणाली. तिने रेकॉर्ड पलटली. पुन्हा तेच गाणं.

तिने सगळी रेकॉर्ड तपासली आणि मान हलवली. कारखान्यात कुणीतरी वर-खाली एकाच बाजूचे साचे लावले होते. बहिणीच्या दोन्ही अंगांवर पहिलीच बाजू उमटली होती. एकदा जरी कुणी ती लावली असती तरी लगेच कळलं असतं. पण इतकी वर्षं ती काचेच्या कपाटात दिमाखात उभी होती आणि तिला कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण हातमोजेवाले मटकन खाली बसले आणि त्यांचा चेहरा पाहून माझा आनंद ओसरला. ज्या गाण्यांवर त्यांनी इतका जीव लावला, ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

आता उरले मी. अल्बमवालीने मला धुतलं, पुसलं आणि सुई ठेवली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं स्वच्छ वाजलं. दुसरंही. नणंदेची मान ताठ झाली. मग वहिनीचं गाणं आलं आणि पहिल्याच श्वासापासून मी खरखरू लागले. पावसात पत्रा वाजावा तशी खरखर. मी जीव तोडून गायले, मित्रांनो. पण झिजलेली रेघ झिजलेलीच असते.

अल्बमवालीने सुई उचलली. “फार झिजलंय हे. मशीनने साफ करायला गेले तर खरखरीबरोबर आवाजही खरवडला जाईल. हे गाणं वगळावं लागेल.”

माझ्या काळजाचं पाणी झालं. सगळी गाणी राहतील आणि नेमकं तेच जाईल?

“थांब जरा,” गायिका म्हणाली. “बाकीची दोन चांगली आहेत. मग हे एकच असं का?”

नणंद ओशाळली. “आमच्या वहिनीचं काम ते. सारखं हेच लावायची. कानीकपाळी ओरडलो तरी ऐकायची नाही. तिनेच घासलंय.”

“सारखं म्हणजे?”

“रोज. एकदा लावून भागायचं नाही तिचं. हे लागलं की शिलाई बंद. पुढे हात दुखायला लागले ना तिचे, तेव्हा मला सांगायची, तू लाव गं. शेवटच्या आजारात तर मीच म्हणून दाखवायचे, येईल तसं.”

गायिकेने पर्स खाली ठेवली. ती उठून टेबलापाशी आली आणि माझ्यावर वाकून त्या शेवटच्या गाण्याच्या फिकट पडलेल्या पट्ट्याकडे बघत राहिली.

“मला म्हणाले होते, कुणी ऐकत नाही,” ती म्हणाली. मग ती अल्बमवालीकडे वळली. “हे गाणं अल्बममध्ये जाईल. खरखरीसकट जाईल.”

“पण बाई, संग्राहक तक्रारी करतील...”

“करू देत. गाणं माझं आहे आणि ती खरखर हिच्या वहिनीची आहे. दोघींपैकी एकीलाही वगळायचं असेल तर अल्बमवर माझं नाव घालू नकोस.”

असं बोलली माझी गायिका! दवाखान्यात नावं पुकारून कमावलेला तो आवाज त्या गाद्या लावलेल्या खोलीत असा घुमला की अल्बमवालीने मुकाट्याने सुई पुन्हा खाली ठेवली.

गाणं संपल्यावर हातमोजेवाले हळूच म्हणाले, “परत एकदा लावता?” आणि निघताना त्यांनी नणंदेला गाठलं. “मावशी, ही माझ्याकडे द्या. माझं कपाट धूळबंद आहे, थंड आहे. राणीसारखी राहील.”

“मुळीच देणार नाही,” नणंद म्हणाली. “ऐकायची असेल तर घरी या. हात धुऊन.”

अल्बम निघाला. ‘शेवटच्या गाण्यात खरखर आहे’ अशा तक्रारी आल्या, आणि अजून येतात. येऊ देत. नणंदेने नवा रेकॉर्डप्लेअर घेतलाय. सुट्टीच्या दिवशी गायिका येते, हातमोजेवाले येतात, आणि नणंद दोघांना आधी नळाचा रस्ता दाखवते. परवा शेवटचं गाणं लागलं तेव्हा गायिका माझ्याबरोबर गायली. तिचा आवाज आता माझ्याइतकाच घासलेला आहे. आम्ही दोघी मिळून खरखरलो आणि नणंद डोळ्यांना पदर लावून हसत होती.

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. कडेने धरा, मऊ फडक्याने पुसा, बोथट सुई बदला, उन्हात टाकू नका. एवढं सगळं केलंत की मग आम्हाला लावा. कपाटात उभं करून ठेवण्याला जपणं म्हणू नका, निदान माझ्यासमोर तरी. मी अजून झिजणार आहे. एक दिवस माझ्यातून नुसती खरखर ऐकू येईल, आणि तेव्हाही कुणी विचारलं की हे काय वाजतंय, तर नणंदेने ठणकावून सांगावं, आमची वहिनी.