रहाटाखालची वाटी

मी एक जुनी लोखंडी वाटी आहे. मित्रांनो, मला पंगतीत शोधू नका. माझे वजन सहा शेर आहे, भिंती बोटभर जाड आहेत आणि मध्ये एक खळगा आहे. बाकी अंग गंजलेले, पण खळगा अजून गुळगुळीत आहे.

मनोर गावच्या एका लोहाराने मला घडवले. तारापूरजवळच्या एका वाडीत तिचे मालक तात्या यांनी विहिरीवर रहाट बसवला, तेव्हा त्याच्या उभ्या खांबाखाली दगडांच्या कोंदणात त्यांनी मला बसवले. बैल गोल फिरे, खांब फिरे आणि खांबाचे टोक माझ्या खळग्यात फिरे. मग पाण्याने भरलेली गाडगी एकामागून एक वर येत. तात्यांची सून रखमाबाई बैलामागून चालायची आणि रोज माझ्यात एरंडेल ओतायची. त्या गोड पाण्यावर केळी आणि पानवेली वाढल्या. आलेगेलेले पाहुणे पाण्याचे कौतुक करत, बैलाचेही करत. पायाखालच्याला कोण विचारतो?

१९७४ साली ती जमीन कारखान्यांसाठी गेली. विहीर मातीने भरली. रहाटाचे लाकूड जळणाला गेले आणि लोखंड भंगारवाल्याने नेले. मला मात्र तात्यांनी हात लावू दिला नाही. ते विहीर बुजवली असे कधी म्हणत नसत, निजवली म्हणत. आणि निजलेल्याला कधीतरी उठवावे लागते, तेव्हा खूण हवी, असे त्यांचे मत होते. त्यांनी मला जागच्या जागी ठेवले, वर एक नारळ ठेवला आणि माती लोटली. घरात त्यांनी हे कुणाला सांगितले नाही. पुढच्या वर्षी ते वारले.

मी सतरा वर्षे मातीत होते. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

१९९१ साली रखमाबाई राहायच्या त्या वस्तीच्या हातपंपाला पिवळे पाणी येऊ लागले. मुलांची पोटे बिघडली. रखमाबाईंची नात दोनदा दवाखान्यात राहून आली. तेव्हा रखमाबाई पाण्याच्या कचेरीत गेल्या आणि आपल्या जुन्या विहिरीबद्दल बोलल्या. तिथले कृष्णकांत साहेब भले माणूस होते. विहिरीची नक्की जागा दाखवा, मी एक दिवस खोदायचे मशीन देतो, असे त्यांनी कबूल केले. रखमाबाई तीन दिवस हिंडल्या. वाडीचे झाड उरले नव्हते, बांध उरला नव्हता. जागा काही सापडली नाही.

त्याच महिन्यात साहेब आणि त्यांची माणसे मातीखाली हरवलेला पाइपाचा व्हॉल्व्ह शोधत होती. त्यांच्याकडे लांब दांड्याचे एक यंत्र होते. खाली धातू असला की ते वाजे. ते माझ्यावर येऊन वाजले. बुधा नावाच्या डोंगरातल्या मजुराने खणले आणि मला उचलताना तो थांबला.

"साहेब, खाली दगड बसवलेले हायत," तो म्हणाला. "हे कोनी टाकलेलं नाय. ठेवलेलं हाय."

साहेबांना व्हॉल्व्हची घाई होती. त्यांनी मला जीपमध्ये टाकायला सांगितले. खड्डा बुजला. पुढे महिनाभरात तिथून रस्ता गेला आणि वर डांबर पडले.

कचेरीत माझ्यावर बरेच तर्क लढले. कुणी म्हणाले तोफेचा तुकडा, कुणी म्हणाले जहाजाचा. शिपायाने तर खलबत्ता ठरवून माझ्यात आले कुटले. शेवटी मी फायली दाबायला बसले. ज्याचे नाव कळत नाही, त्याला कचेरीत हेच काम मिळते.

भातलावणीला बुधा आपल्या गावी निघून गेला. त्यानंतर रखमाबाई टँकरचा अर्ज घेऊन आल्या. अर्ज टेबलावर ठेवताना त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या खळग्यात अंगठा घातला आणि गोल फिरवला.

"हे आमच्या रहाटाचं हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मामंजींनी समदं लोखंड इकलं." मग त्यांचा आवाज घाईचा झाला. "साहेब, याच्यापासनं आठ पावलं उगवतीला इहीर. हे नेमकं कुठं गावलं, तेवढं सांगा."

साहेबांनी लगेच जीप काढली. ते त्यांना जीपमध्ये घालून घेऊन गेले. मलाही घेतले. अर्धा मैल सरळ काळा रस्ता होता. साहेब एका जागी उभे राहिले, मग दुसऱ्या, आणि इथेच कुठेतरी असे पुटपुटले. बुधाला विचारावे, तर हजेरीपटावर त्याचे नाव होते, गाव नव्हते. एवढ्यावर मशीन मिळणार नव्हते. रखमाबाईंनी तरी एका ठिकाणाहून आठ पावले टाकली. परत आल्या. दुसऱ्या ठिकाणाहून टाकली.

मला जागा ठाऊक होती. त्या तिच्यावरून दोनदा गेल्या. मला फारसे काही वाटले नाही, वाटायची सवयच गेली होती. परत येताना त्यांनी मला मांडीवर घेतले, तेव्हा थोडे वाटले.

मित्रांनो, तुम्हालाही मातीत कधी काही सापडेल. हात शिवशिवतील. पण उचलण्याआधी तिथे एक खुंटी ठोका आणि आसपास कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याला हाक मारा. खणणारा काही सांगत असेल तर ऐका.

आता कचेरीत सगळे मला ओळखतात. साहेबांनी माझे नाव एका चिठ्ठीवर लिहून माझ्यावर चिकटवले आहे. रखमाबाईंची नात रोज हंडा घेऊन त्या काळ्या रस्त्यावर टँकरची वाट पाहत उभी असते.