सही बघूनच पत्ता देईन

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, पुस्तकं शिवायच्या टेबलाशेजारी राहतो. तुम्ही संकेतस्थळाचं नाव टाइप केलं, की त्याचा आकड्यांतला पत्ता मी शोधून देतो आणि मगच पान उघडतं. माझा पंखा घरघरतो, म्हणून सगळे मला 'घोरणारा डबा' म्हणतात. इंटरनेट चाललं तर कौतुक वायरचं. बंद पडलं, की शिव्या मला!

वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या मावशींनी चाळिसाव्या वर्षी नर्स व्हायचं ठरवलं. अर्जाचा शेवटचा दिवस होता. मावशींनी नर्सिंग कॉलेजचं नाव टाइप केलं. मी बाहेरच्या मोठ्या सर्व्हरला त्याचा पत्ता विचारला, तर खऱ्या उत्तराच्या आधीच कुणा लबाडाने खोटं उत्तर पुढे सरकवलं. मी भोळा! तेच खरं मानून मावशींना दिलं. पान अगदी हुबेहूब उघडलं.

पण मावशींचा हात थबकला. "अगं बाई, काल फक्त फोटो मागत होते. आज ईमेलचा पासवर्ड कशाला हवा यांना?"

त्यांनी माझी देखभाल करणाऱ्या ताईंना हाक मारली. ताईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, थांबलात ते बरं केलंत! पान बनावट आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र रागावल्या नाहीत. "याचं काय चुकलं? सही तपासायला आपणच कधी शिकवलं नाही," म्हणाल्या. त्यांनी खोटा पत्ता पुसला आणि उत्तरावरची सांकेतिक सही, म्हणजे ते खऱ्या ठिकाणाहूनच आल्याची खूण, पडताळायला मला शिकवलं. माझे प्रश्नही आता कुलूपबंद जातात. वाटेत कुणाला वाचता येत नाहीत.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आणि कोणी काय शोधलं, याची यादी ठेवायची नाही हं. लोक इथे विश्वासाने येतात."

तेवढ्यात लबाडाचं खोटं उत्तर पुन्हा आलं. सही जुळेना. मी ते सरळ फेकून दिलं! मग खरं उत्तर आलं, खरं पान उघडलं आणि मुदत संपायला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. मावशींनी ताईंना अशी मिठी मारली, की ताईंचा चष्माच खाली पडला.

महिन्याभराने मावशींची निवड झाली. त्यांनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "घोर बाबा, खुशाल घोर!"

मित्रांनो, पान जरा जरी वेगळं वाटलं, तरी मावशींसारखे थांबा आणि विचारा. आणि माझ्यासारखा एखादा डबा तुमच्याकडे असेल, तर त्याला नवं शिकवत राहा. आम्ही म्हातारे असलो, तरी शिकायला तयार असतो!