डाव्या पायाचा ठेका

मुकुंदने ड्रम एकेक करून ओढत नेले आणि आपल्या ऑर्गनच्या पाठीमागे, कनातीला चिकटवून मांडले. सात रस्त्यावरच्या गणेशोत्सवातला कार्यक्रम सुरू व्हायला अर्धा तास होता. ‘झगमग डिस्को ग्रुप’चा हा पाचवा कार्यक्रम, ग्रुपला उणेपुरे सहा महिने झाले होते.

सिद्धाराम काठ्या हातात धरून उभा राहिला.

“हितं? हितनं मालतीबाई दिसत न्हाईत की.”

“गाणं ऐकायचं असतं, सिद्धाराम. बघायचं नसतं.”

सिद्धाराम त्याच्या ओठांकडे पाहत राहिला. मग निमूटपणे स्टुलावर बसला.

आपल्याच आवाजातली धार मुकुंदला टोचली. पण चारही कार्यक्रमांत त्याने पाहिलं होतं, गाणाऱ्या मालतीवरून सिद्धारामची नजर क्षणभरही ढळत नसे. मुकुंदला स्वतःला तिच्याकडे सरळ पाहणंही जमत नव्हतं. आज कार्यक्रम संपला की तिला विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. शब्द आठ दिवस घोकले होते.

पहिल्याच गाण्यात ठेका घसरला. ड्रम पुढे धावले, ऑर्गन मागे राहिला.

“अरं, थांबा की ऑर्गनवाल्यासाठी!” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मालती गाता गाताच मागे वळली. माईकची वायर ओढत ती ऑर्गनला वळसा घालून ड्रमसमोर येऊन उभी राहिली, लोकांकडे पाठ करून. तिची डावी टाच फळीवर पडू लागली. सिद्धारामची नजर त्या टाचेवर स्थिरावली आणि ठेका जागेवर आला.

मध्यंतरात तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“ड्रम तिकडे कुणी नेले?”

“मीच.”

“त्याला ऐकू येत नाही, मुकुंद. आठ वर्षं पॉवरलूमवर काढली, त्यात कान गेले. माझा पाय बघून वाजवतो तो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच तालमीत. मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक असेल. शेजारी तर तुम्हीच बसता.”

मुकुंद हातरुमालाची घडी मोडत राहिला, पुन्हा घालत राहिला.

“तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे,” ती हळूच म्हणाली. “दुधनीला दिलंय. तिथनं काही येणं व्हायचं नाही. ग्रुप राहील, मोडेल, देव जाणे. त्याला मात्र सांभाळाल ना?”

घोकलेल्यातला एकही शब्द आता कामाचा नव्हता.

“सांभाळीन,” मुकुंद म्हणाला.

उत्तरार्धाआधी त्याने ड्रम आपल्या उजव्या हाताला आणून मांडले. बूट काढून ठेवला. गाणं सुरू झालं तसा तो अनवाणी टाचेने फळीवर ठेका देऊ लागला. सिद्धारामने मालतीच्या पायाकडे पाहिलं, मग मुकुंदच्या, आणि त्याची नजर तिथेच राहिली. दोन वेळा मुकुंदची बोटं पट्ट्यांवरून घसरली. ठेका घसरला नाही.

मालतीने एकदाच मागे वळून पाहिलं. तिचा पाय थांबला. सहा महिन्यांत तिला नाचताना कुणी पाहिलं नव्हतं; गाताना ती एका जागी उभी राहायची आणि लोक म्हणायचे, लाजाळू आहे. तिने पदर कमरेला खोचला.

समोरून टाळ्या उठल्या, शिट्ट्या उठल्या, फळ्या थरथरू लागल्या. मुकुंदला ते सगळं पायाच्या तळव्यातून कळत होतं. त्याने मान वर केली नाही. केली असती, तर ठेका चुकला असता.